डावा पाय आणि सत्त्याण्णव अंश

घरात दोघी बहिणी, म्हणून थोरली ती थोरलीच राहिली. वयाची एक्कावन्न वर्षं उलटली, केस निम्मे पांढरे झाले, तरी आईच्या, धाकटीच्या, खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या, सगळ्यांच्या तोंडी ती थोरलीच. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारे एकेक करून दमले आणि गप्प बसले. इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात तिने चौदा वर्षं काढली. पुढेपुढे नकाशांवरून चित्रं करू लागली. जी इमारत अजून उभीच राहिलेली नाही तिच्या पायऱ्यांवर सकाळचं ऊन कसं पडेल, खिडकीतून समोरचं झाड कसं दिसेल, हे ती संगणकावर इतकं हुबेहूब करायची की गिऱ्हाईक तिथल्या तिथे किल्ली मागायचं.

तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय लुळा पडला. धाकटी परगावाहून आली, आठ दिवस राहिली, आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. तुझं काम घरी बसूनही होतं." एवढ्या एका वाक्यात थोरलीची नोकरी सुटली. कुणी सोड म्हटलं नाही, तिनेही सोडते म्हटलं नाही. ऑफिसातून सुटीसुटी कामं यायची ती घरी करू लागली, झालं.

घर दोन खोल्यांचं. आत स्वयंपाकघर, बाहेर आईची खोली. आईच्या खोलीत खाट, खाटेच्या पायथ्याशी एका बुटक्या स्टुलावर संगणकाचा खोका, त्याच्या पलीकडे टेबल आणि पडदा. खोका स्वयंपाकघरात का नाही, असं धाकटी फोनवर विचारी. कारण इमारतीतल्या वायरी जुन्या, आणि तीन पिनांचा भरवशाचा सॉकेट सगळ्या घरात एकच, तो आईच्या पायाशी. दुसऱ्या सॉकेटवर इस्त्री लावली तरी फ्यूज उडायचा. आईला शेकायला विजेचा हीटर आणून पाहिला होता, त्याने तर खालच्या बिऱ्हाडालाही अंधारात बसवलं.

खिडकी एकच, पश्चिमेची. ती तीन वर्षं बंद होती. आईला वारा लागायचा. पंखाही नको, त्याची घरघर कानात जाते. आईने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढलेली, त्यामुळे कान सुरीसारखे तिखट. आतल्या खोलीत डब्याचं झाकण लागलं नाही तर ही इथून सांगणार, "झाकण नीट बसलं नाही गं." त्या बंद खोलीत औषधांचा, टाल्कम पावडरचा आणि गरम झालेल्या प्लास्टिकचा एकत्र वास असायचा. बाहेरून येणाऱ्याला तो दारातच कळे. थोरलीला येईनासा झाला होता.

आणि वही. थोरलीला लिहून ठेवायची सवय शाळेपासूनची. आजारपण आल्यावर तिने लांबट पानांची एक वही केली. डाव्या पानावर आई: ताप, नाडी, रक्तदाब, काय खाल्लं, किती झोपली, डाव्या हाताची बोटं, डावा पाय. उजव्या पानावर संगणक: कोणतं काम, किती झालं, प्रोसेसरचं तापमान. दर दोन तासांनी दोन्ही पानं भरायची. एकाच वहीत का, तर उठून दुसरी शोधायला वेळ कुणाला.

आईला त्या वहीचा मनस्वी राग. पेन उघडल्याचा टिक् आवाज आला की म्हणायची, "लिही. म्हातारी शिंकली, नऊ वाजून चार मिनिटं."

"डॉक्टरांना लागतं, आई."

"डॉक्टर माझी जीभ बघतो आणि तुझी वही वाचतो. कोण आजारी आहे त्यालाच कळत नसेल."

अशा त्या घरात, एका सोमवारी सकाळी, ऑफिसच्या मोठ्या बाईंचा फोन आला.

काम एका इस्पितळाच्या नव्या इमारतीचं. साठ सेकंदांची चालती चित्रफीत हवी: फाटकातून आत शिरायचं, जिना चढायचा, लांब व्हरांड्यातून जायचं, आणि शेवटी एका खोलीच्या उघड्या खिडकीपाशी थांबायचं. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक येणार. "हे वेळेत दिलंस," बाई म्हणाल्या, "तर आठवड्यातले तीन दिवस इथे बसायला ये. खुर्ची रिकामी झालीय. पण लोक मागे लागलेत, मी सोमवारनंतर थांबू शकत नाही."

थोरली "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि उगाचच दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. आईला तिने काही सांगितलं नाही.

हिशेब सोपा होता आणि वाईट होता. साठ सेकंदांची दीड हजार चित्रं. संगणक एक चित्र सात मिनिटांत रंगवून काढी. म्हणजे एकशे पंचाहत्तर तास. सोमवारी संध्याकाळी सहाला सुरू करून पुढच्या सोमवारी दहापर्यंत हातात एकशे साठच. कितीही वळवून मोजलं तरी पंधरा तास कमीच पडत होते.

संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, कारखान्यातून एक वेग नेमून दिलेला असतो. आपल्या जबाबदारीवर तो वाढवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. थोरलीने हे पूर्वी दोनदा केलं होतं, पण दोन-दोन तासांपुरतं. आता तिने वेग तीन पूर्णांक चारवरून चार पूर्णांक दोनवर नेला, त्याला पेलावं म्हणून वीज थोडी वाढवली, आणि पहिली दहा चित्रं घड्याळ लावून मोजली. एकाला पावणेसहा मिनिटं. म्हणजे एकशे चव्वेचाळीस तास, बरोबर सहा दिवस. रविवारी संध्याकाळी सहाला काम संपणार आणि सोळा तास हाताशी उरणार. त्या सोळा तासांत तिला आपली खुर्ची दिसली.

पण फुकट काही मिळत नाही. वेग वाढला की उष्णता वाढते. नव्वदीच्या पुढे प्रोसेसर स्वतःच पाय ओढायला लागतो, शंभराला तर जीव वाचवायला सगळंच बंद करून टाकतो. पहिल्या संध्याकाळी आकडा शहाऐंशीवर थांबला. काठावर होता, पण थांबला होता. वहीच्या उजव्या पानावर तिने लिहिलं, ८६, आणि खाली रेघ मारली.

मंगळवारी दुपारी तीनपर्यंत सगळं ठीक होतं. तीन ते साडेपाच आईची झोपेची वेळ. त्या वेळेत थोरलीने खोलीत थांबायचं नाही, असा आईचा नेम होता. थोरली तेवढ्यात कपडे पिळायची, मग पिशवी घेऊन बाहेरची कामं उरकायची. परत येऊन पडद्याकडे पाहते तो आकडा सत्त्याण्णव, आणि एकेका चित्राला दहा मिनिटं लागतायत. सहा वाजता आकडा आपोआप उतरला. दोन तास गेले.

पश्चिमेची भिंत दुपारी तापते, तिने तर्क केला. बुधवारी सकाळी खिडकीच्या काचेला वर्तमानपत्रं चिकटवली.

"आता तेवढाही उजेड नको?" आई म्हणाली.

"मशीन तापतंय, आई."

"मग त्याच्या कपाळावर घडी ठेव. माझ्या ठेवतेस ना?"

खोक्याचं बाजूचं झाकण उघडून पाहिलं, तर आतल्या पंख्याचा आवाज दुप्पट झाला आणि आईने उशीत तोंड खुपसलं. झाकण परत लावावं लागलं. मग थोरली गल्लीच्या टोकाला घड्याळवाल्या मामांकडे गेली. मामा नात्याचे कुणी नव्हेत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, लोकांनी मनगटावर घड्याळ बांधायचं सोडलं तेव्हा त्याच भिंगाने आणि त्याच चिमट्याने संगणक उघडायला लागले. दुकानाच्या पाटीवर अजून घड्याळच होतं, सदा सव्वादहा दाखवणारं.

मामांनी ऐकून घेतलं. "पेस्ट कधी बदललीस?"

प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक करडा लेप असतो. आतली उष्णता त्याच्यातूनच ठोकळ्यात जाते, आणि ठोकळ्यावरचा पंखा ती बाहेर ढकलतो. थोरलीला आठवेना. वहीत पाहिलं असतं तर तारीख सापडली असती.

"म्हणजे वाळून खपली झाली असेल. ही घे नळी. मटारच्या दाण्याएवढी लाव, पोळीला तूप लावल्यासारखी थापू नकोस." मग भिंग कपाळावर सारून म्हणाले, "आणि विजेचं काय केलंस? वाढवलीस ना मूठभर? सगळे तेच करतात. घड्याळाला जोरात किल्ली पिळली म्हणून ते चांगलं चालत नाही गं, स्प्रिंग तुटते तेवढी. वेग आहे तोच ठेव, वीज चिमटी-चिमटीने कमी करत जा. जिथे अडखळेल त्याच्या एक पायरी वर थांब."

ती घरी आली. काम थांबवलं, खोका उघडला, ठोकळ्याच्या पात्यांमधली धूळ जुन्या दाताच्या ब्रशने काढली, लेप पुसून नवा लावला, वीज उतरवली. दीड तास गेला. पण आकडा एक्क्याऐंशीवर आला. तिला इतका आनंद झाला की तिने आईसाठी जास्तीच्या साखरेचा चहा केला आणि तो डाव्या पानावर लिहिलाही.

दुपारी चार वाजता आकडा शहाण्णव.

गुरुवारी ती औषधांच्या दुकानात रांगेत अडकली. परत आली तर खोली गप्प. पडदा काळा. शंभर गाठून संगणक केव्हाच बंद पडला होता. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली, गोधडी हनुवटीपर्यंत. थोरली त्या शांततेत उभी राहिली. तीन वर्षांत ही खोली इतकी शांत कधी झाली नव्हती. मग तिने बटण दाबलं, जिथे थांबलं होतं त्या चित्रापासून काम परत सुरू केलं. सोळापैकी साडेआठ तास गेले होते, आणि तीन दुपारी अजून बाकी होत्या.

नेमका तेव्हाच धाकटीचा फोन. "आवाज का असा? रडतेस की काय?"

"नाही. मशीन तापतंय."

"मग बंद कर ना जरा. तुला कुठे जायचंय?"

थोरलीने हे वाक्य वहीत लिहिलं नाही. पण ते तिला पाठ झालं.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर, आठच्या सुमाराला, तिने वही उघडून चार दिवसांची पानं समोरासमोर वाचली. लिहायची ती रोज, वाचायला कधी बसत नसे. उजवं पान: मंगळवार ९७, बुधवार ९६, गुरुवार बंद. डावं पान, संध्याकाळी सहाची नोंद. सोमवार, डावा पाय: गार. मंगळवार, डावा पाय: कोमट. बुधवार, डावा पाय: कोमट. गुरुवार, डावा पाय: गरम.

तीन वर्षांच्या त्या नोंदींत डाव्या पायापुढे "गार" सोडून दुसरा शब्द नव्हता. आणि तिने स्वतःच्या हाताने तीन दिवस दुसरा शब्द लिहिला होता, पेनाचं टोपण लावलं होतं आणि भाजी चिरायला गेली होती.

शुक्रवारी तीन वाजता तिने पिशवी घेतली, चपला घातल्या, दार ओढलं आणि आवाज करत दोन मजले उतरली. खाली चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी परत वर आली. दार मांजरासारखं उघडलं.

आई पाठीवर होती. गोधडीतून चांगला, उजवा पाय बाहेर आला होता. त्या पायाच्या पंजाने तिने डावा घोटा हुकासारखा अडकवला होता आणि ती तो ओढत होती. दर खेपेला दोन बोटं पुढे. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. शेवटी डावा पाय खाटेच्या कडेवरून संगणकाच्या मागच्या जाळीवर जाऊन टेकला, जिथून गरम हवा बाहेर पडते. मग उजव्या पायाने तिने गोधडीचं टोक त्यावर ओढून घेतलं, चारी बाजूंनी नीट. आणि डोळे मिटले.

"चपला कुठे गेल्या तुझ्या?" आई डोळे न उघडता म्हणाली.

"हातात आहेत."

"शहाणी आहेस."

"आई, पाय काढ."

"कोणता? तो? तो माझा आहे असं मला अजून वाटत नाही. व्यायामवाली म्हणते, आपला म्हणायला शिका."

"आई."

"हे तुझं मशीन दिवसभर भिंत शेकत बसतं. मी काय भिंतीपेक्षा वाईट?"

थोरली खाटेच्या कडेवर बसली. पडद्यावर आकडा चढायला लागलेला. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. "मला सांगायचंस तरी. चार दिवस जीव नुसता टांगणीला."

"तुला सांगायचं म्हणजे वहीत चढायचं. तीन वाजून दहा मिनिटांनी म्हातारीने पाय शेकला. मग धाकटीला कळणार. मग डॉक्टर विचारणार, किती वेळ, कोणत्या बाजूने. अंगातून काय निघतं, काय शिरतं, सगळं तुझ्या पानावर. म्हटलं, एवढी एक गोष्ट माझ्यापाशी राहू दे."

थोरलीने खरं ते सांगितलं. "सोमवारी दहाच्या आत हे गेलं नाही, तर खुर्ची जाईल."

"कसली खुर्ची?"

"ऑफिसात. तीन दिवस."

आईने डोळे उघडले. बराच वेळ ती वर्तमानपत्र लावलेल्या खिडकीकडे बघत राहिली. "आणि मी?"

"एक बाई येईल."

"ठरवलंस?"

"वेळेत झालं तर ठरवीन म्हटलं."

"म्हणजे तूही एक गोष्ट तुझ्यापाशी ठेवली होतीस." आईने उजवा पाय वर घेतला, घोट्याला हुक घातला. "थांब, काढते. येताना जितका वेळ लागतो तितकाच जाताना लागतो."

पाय अर्ध्या वाटेवर असतानाच व्यायामवाली आली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी यायची, आज उशीर होऊन दुपारी आली होती. हसरी, दणकट मनगटाची. तिने पाय हातात घेतला आणि भुवया उंचावल्या. "आज सैल आहे की हो. काय केलंत?" तिने तळव्यावर नखाने रेघ ओढली. "आजी, अंगठा हलवा बघू."

अंगठा हलला. माशी बसली म्हणून हलावा, एवढाच. पण हलला.

"लिहा हे," व्यायामवाली म्हणाली. "आणि जी ऊब देताय ती चालू ठेवा. गरम पाण्याची पिशवी नको बरं, त्या पायाला भाजलेलं कळायचं नाही. ही अशीच, हलकी."

आईने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने आकड्याकडे पाहिलं. ब्याण्णव.

व्यायामवाली गेली. मग आई म्हणाली, "तुम्ही एवढाल्या इमारती काढता. त्यांच्या छतांतून हवेची नळकांडी नेता, मी पाहिलीत तुझ्या पडद्यावर. वाकतात की ती?"

थोरली उठली. औषधांचा मोठा खोका रिकामा केला, पुठ्ठा उलगडून जमिनीवर पसरला, पट्टी आणि पेन्सिल घेतली. चौदा वर्षं तिने दुसऱ्यांच्या इस्पितळांत, दुसऱ्यांच्या हॉटेलांत ही नळकांडी काढली होती. आता जाळीच्या मापाचं एक तोंड, तिथून हलका बाक देऊन खाटेकडे, आणि तिकडचं तोंड दुप्पट रुंद, म्हणजे हवा कुठे कोंडणार नाही. कोपरे चिकटपट्टीने बांधले. गोधडी तोंडावर पडून वाट अडू नये म्हणून कपाटामागून वडिलांची मोडकी छत्री काढली, कापड फाडून टाकलं, आणि काड्यांचा सांगाडा पायावर मांडवासारखा उभा केला.

"तुझे बाबा ती छत्री प्रत्येक ठिकाणी विसरून यायचे," आई म्हणाली. "घरातल्या घरात तरी विसरणार नाही कुणी."

नळकांडं बसवताना दीड तास काम थांबलं. परत सुरू केलं तेव्हा हाताशी सहाच तास उरले होते. आकडा चढला, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, आणि तिथे बसला. मांडवाखाली आईचा पाय. संध्याकाळी सहाला थोरलीने वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि आईकडे पाहिलं.

"लिही बाई," आई म्हणाली. "आता काय उरलंय लपवायला."

शनिवार-रविवार दोघी त्या आकड्याखाली राहिल्या. थोरली बाहेर गेली नाही, पाव आणि दूध खालच्या बिऱ्हाडाने आणून दिलं. खोली भट्टीसारखी झाली. थोरलीच्या कपाळाचे घामाचे थेंब वहीवर पडले आणि शनिवारचं पान फुगलं. आईचं मात्र अंग पहिल्यांदाच गरम होतं. पंख्याचा सूर जरा वर गेला की ती डोळे मिटूनच सांगे, "सत्त्याऐंशी झालं बघ." आणि झालेलं असे.

सोमवारी पहाटे चार वीसला शेवटचं चित्र बाहेर आलं: उघडी खिडकी, पांढरा पडदा, बाहेर हिरवं. साडेनऊला फीत ऑफिसात पोचली. अकराला बाईंचा फोन आला. एक तारखेपासून ये, म्हणाल्या.

थोरलीने संगणक बंद केला. वेग कारखान्याचा होता तिथे परत नेला. तीनला आई झोपली. सहाला थोरलीने पायाला हात लावला आणि वहीत लिहिलं, गार. दुसऱ्या दिवशीही गार. व्यायामवालीने नखाने रेघ ओढली. अंगठा हलला नाही.

बुधवारी थोरली मामांकडे गेली. मामांनी तिला चाचणीचा एक प्रोग्रॅम दिला. संगणक किती सोसतो हे बघायला लोक तो रात्रभर चालवतात. तो कशाचंही चित्र काढत नाही, नुसते मोठाले आकडे एकमेकांशी गुणत बसतो. "काम काही होत नाही याने," मामा म्हणाले. "मशीन तापतं फक्त."

"तेवढंच हवंय."

मामांनी भिंग काढून तिच्याकडे पाहिलं.

एक तारखेला, व्यायामवालीच्या ओळखीची एक मावशी सकाळी साडेआठला आली. थोरलीने तिला औषधं दाखवली, वही दाखवली, छत्रीचा मांडव दाखवला, ऐंशीला संगणक आपोआप बंद होईल अशी सोय केली आहे हेही सांगितलं. मावशीने सगळ्याला मान डोलावली. आई म्हणाली, "जा आता. खुर्ची गार होईल."

ऑफिसात तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती. खिडकी उघडी होती. थोरलीने खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली, कारण समोरच्या उजेडाने डोळे दिपत होते. काम सुरू करण्याआधी तिने पडद्याच्या कोपऱ्यात बोटभर चौकट उघडली. घरच्या संगणकाचं तापमान तिथे दिसे, मामांनीच ती सोय करून दिली होती. सहासष्ट. दहा वाजता बहात्तर. म्हणजे पाय मांडवात आला. तिने सोबत आणलेल्या वहीत लिहिलं. अकराला बहात्तर. बाराला सहासष्ट, पाय बाहेर, जेवण असेल. एकला परत एकाहत्तर.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय मोजताय सारखं?"

"आईचा डावा पाय."

मुलगी हसली. मग थोरली हसत नाही हे पाहून पडद्याकडे वळली.

दिवसभरात थोरलीने एक जिना काढला. एरवी दोन तासांचं काम. नजर उचलून परत कोपऱ्यात जाई. जेवणाच्या सुटीत सगळे गच्चीवर गेले, तिला बोलावलं, ती म्हणाली, येते, आणि गेली नाही.

तीन वाजता आकडा खाली यायला लागला. सहासष्ट, तिथे थांबायला हवा होता. थांबला नाही. चौसष्ट. एकसष्ट. एकोणसाठ. बंद खोलीत तो इतका खाली कधी गेला नव्हता. तिने ३.१० — ५९ असं लिहिलं आणि फोन उचलला.

मावशीने पाचव्या घंटीला घेतला.

"काय झालं? आकडा उतरलाय."

"काही नाही बाई. खिडकी उघडलीय. तो कागद फाडताना वेळ गेला जरा."

"खिडकी? आईला वारा लागतो."

"आजीच म्हणाल्या उघड म्हणून. मला वाटलं रोज उघडता." मागून काही आवाज आला. "थांबा, देते त्यांना."

फोन आईच्या उजव्या कानाशी गेला. थोरलीला रस्त्यावरचा आवाज ऐकू आला, कुणाची तरी सायकलची घंटी, जी तिच्या घरात तीन वर्षांत ऐकू आली नव्हती.

"आई, तीन वर्षं तू म्हणत होतीस..."

"लागतोच वारा. थोडा लागू दे म्हटलं."

"मी असताना का नाही मग?"

आई थांबली. एक्स्चेंजमध्ये समोरचा गोंधळला की ती थांबायची, तशी. "तुझ्यापुढे उघडली असती, तर आज सहन झाली, उद्या किती वेळ, परवा किती वेळ, मागे लागली असतीस. त्यापेक्षा बंद बरी होती. ही बाई काही विचारत नाही. काय करतेयस तू?"

"जिना काढतेय."

"काढ. माझं बरं आहे इथे."

फोन बंद झाला. थोरलीने वहीतली तीन दहाची ओळ पाहिली. शाई वाळली होती. पेन तिच्या हातात उघडंच होतं. तिने ते टोपण न लावता टेबलावर ठेवलं आणि जिन्याच्या पुढच्या दोन पायऱ्या काढल्या.

चार वाजता आकडा एकसष्ट होता. तो तिने नुसता पाहिला.